शेकोटीच्या लाकडाची गिटार

एका वाद्याच्या सामानाची यादी आधी पाहू. भिंतीतल्या जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड. मोडीत निघालेल्या टेबलाचे ओक लाकूड. थोडा ब्लॉकबोर्ड. 1928 सालच्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. सायकलच्या मागे पिशवी अडकवायची लोखंडी सळई. आईच्या विणकामाच्या सुईचे टोक. आईच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. एका जुन्या सुरीचे पाते. आणि लाकडातली किड्यांनी पाडलेली भोके बुजवायला आगकाड्या.

ही यादी भंगारवाल्याची वाटेल. पण यातून तयार झालेली इलेक्ट्रिक गिटार जगातल्या सर्वांत ओळखीच्या गिटारींपैकी एक आहे. तिचे नाव 'रेड स्पेशल'. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचे उपनगर आहे. तिथल्या ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या वडिलांनी 1963 सालच्या ऑगस्टमध्ये ती करायला घेतली. सुमारे दोन वर्षे मोकळ्या वेळात हे काम चालले. पुढे 'क्वीन' या संगीतसमूहाचा गिटारवादक म्हणून ब्रायन मे जगप्रसिद्ध झाला. हवी ती गिटार विकत घेण्याची ऐपत आली, तरी त्याने आयुष्यभर वाजवली ती हीच.

वाद्यावर वादकाचे प्रेम असणे नवे नाही. आपल्याकडेही सतारिया आपली सतार दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही. पण या गिटारीची गोष्ट शिक्षकांना सांगावीशी आम्हांला वाटली, ती वेगळ्या कारणाने. तिच्या प्रत्येक भागामागे एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात होते.

आवाज लहान पडतो तेव्हा

त्याआधी इलेक्ट्रिक गिटार आली कुठून, ते थोडक्यात पाहू. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ लाकडी पेटीमुळे मोठा होतो. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत पितळी तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि ढोल वाढले, तेव्हा त्या गलबल्यात गिटार ऐकूच येईना. पेटी मोठी करणे, लाकडाऐवजी धातूची करणे असे उपाय झाले, पण ते पुरे पडले नाहीत.

जॉर्ज बोशॅम्प हा स्वतः गिटारवादक. अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने त्याने लॉस एंजेलिसमध्ये 1931-32 च्या सुमारास वेगळा मार्ग काढला. पेटीतला आवाज मोठा करण्याऐवजी थेट तारेचे कंपनच विजेच्या रूपात पकडायचे. त्यांची पहिली गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती आणि दिसायला थेट तळणीच्या तव्यासारखी. म्हणून तिला नावही 'फ्राइंग पॅन' असेच पडले. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. एकेकाळी आपल्या आकाशवाणीवर चित्रपटगीतांच्या धुना ज्या जातीच्या गिटारीवर ऐकू येत, तीच ही. या शोधाचे पेटंट 1937 साली मिळाले.

तत्त्व सोपे आहे. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. यालाच आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतो. गिटारीच्या तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकाच्या सहवासाने स्वतः चुंबकित होते. ती छेडली की तिच्या कंपनाबरोबर वेटोळ्यातले क्षेत्र त्याच वारंवारतेने कमीजास्त होते आणि तसाच प्रवाह सुरू होतो. तार सेकंदाला 110 वेळा हलली तर प्रवाहही 110 वेळा मागेपुढे होतो. हा क्षीण प्रवाह अॅम्प्लिफायरने मोठा करून ध्वनिवर्धकाला द्यायचा. या चुंबक-वेटोळ्याच्या जोडीला 'पिकअप' म्हणतात.

इथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. तानपुऱ्याला पोलादी तारा असतात आणि खर्जाची पितळी तार असते. तानपुऱ्याखाली असा पिकअप धरला तर कोणत्या तारा ऐकू येतील? पोलादी तारा ऐकू येतील. पितळी तार जवळजवळ मुकी राहील, कारण पितळ चुंबकित होत नाही. कानाला दोन्ही ऐकू येतात, पिकअपला मात्र एकच. म्हणजे पिकअप आवाज ऐकत नाही, लोखंडाची हालचाल मोजतो. एवढा फरक मुलांच्या लक्षात आला तर डायनॅमोचा धडा निम्मा झाला असे समजावे.

वडील आणि मुलगा

ब्रायनचा जन्म 1947 चा. त्याचे वडील हॅरल्ड मे ब्रिटिश सरकारच्या विमानवाहतूक खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करीत. घरातला दूरचित्रवाणी संच त्यांनी स्वतःच जोडलेला. मुलगा आकाशवेडा, म्हणून दोघांनी मिळून एक दुर्बीणही केलेली होती. सातव्या वर्षी ब्रायनला साधी गिटार मिळाली. पुढे इंग्लंडमध्ये 'द शॅडोज'चा हँक मार्विन फेंडर कंपनीची लाल स्ट्रॅटोकास्टर वाजवू लागला आणि त्या पिढीच्या मुलांना तिने वेड लावले. 1954 साली अमेरिकेत निघालेली ती गिटार मे कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा बापलेकांनी ठरवले, की आपणच करू. आणि नक्कल करायची नाही, तिच्याहून चांगली करू.

दांडीपासून सुरुवात झाली. एका परिचितांच्या घरातली शेकोटी काढून टाकली होती. तिची शंभर वर्षांहून जुनी महोगनीची चौकट मिळाली. जुने लाकूड पुरते वाळलेले असते, त्यामुळे ते पुढे आकसत किंवा पिळवटत नाही. गिटारीच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण तीस-चाळीस किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि तो दांडीला सतत वाकवू पाहतो. म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घातली. किड्यांची भोके आगकाड्यांनी बुजवली. ब्रायनने हा दांडा साध्या हत्यारांनी हाताने तासून आकाराला आणला.

मग पडदे. सतारीचे पडदे बांधलेले असतात. राग बदलला की ते सरकवता येतात. गिटारीचे पडदे एकदा ठोकले की ठोकले, म्हणून त्यांच्या जागा आधी गणिताने काढाव्या लागतात. सप्तकाचे बारा समान भाग करायचे आणि बाराव्या पडद्यावर तारेची लांबी बरोबर निम्मी व्हायची, म्हणजे प्रत्येक पडद्यागणिक लांबीला अशा संख्येने भागायचे, की तीच संख्या बारा वेळा गुणली असता 2 यावेत. ती संख्या 1.0595. या गिटारीच्या तारेची लांबी 24 इंच. तिला 1.0595 ने भागले की 22.65 इंच येतात. म्हणजे पहिला पडदा मेरूपासून सुमारे 1.35 इंचावर. पुन्हा भागत गेलो की बारावा पडदा 12 इंचांवर येतो आणि चोविसावा 18 इंचांवर. पहिल्या घराची रुंदी 34 मिलिमीटर, तर शेवटच्या घराची जेमतेम 9. पडदे घोडीकडे दाट का होत जातात, याचे उत्तर या भूमितिश्रेणीत आहे. दहावीच्या मुलांना कॅल्क्युलेटर देऊन हा तक्ता करायला सांगावा. मग खऱ्या गिटारीवर फूटपट्टी ठेवून ताडून पाहता येतो. पडद्यांच्या खुणांसाठी दांडीवर जे पांढरे ठिपके असतात, ती आईची शिंपल्याची बटणे.

तराजूची धार

खरी कसोटी होती ती घोडीपाशी. गिटारीला एक दांडी जोडलेली असते. ती दाबली की सगळ्या तारांचा ताण एकदम कमी होतो आणि सूर खाली झुकतो, सोडली की परत वर येतो. त्या काळच्या बऱ्याच गिटारींत ही अडचण होती, की सूर परत येई तो किंचित उतरूनच. ब्रायनने कारण शोधले. घोडीवर आणि मेरूवर तार घासते. घर्षणामुळे ती पूर्ण मागे सरकत नाही, थोडी अडकून राहते.

उपाय त्याने तिथेच केला. तारेखाली छोटी फिरणारी चाके बसवली. तार घासण्याऐवजी चाकच फिरावे. आणि सगळी पट्टी ज्या आसावर झुकते, तो आस त्याने सुरीच्या पात्याच्या धारेवर टेकवला. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू आठवा. त्याची दांडी अकीकाच्या धारेवर टेकलेली असते, कारण धारेवर घर्षण नगण्य असते आणि तराजू दर वेळी त्याच जागी येऊन थांबतो. गिटारीत एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा रेटतात. दोन्ही बलांचे परिबल समान झाले की पट्टी स्थिर. दाबायची दांडी म्हणजे सायकलची सळई आणि तिच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा.

पिकअपही त्याने आधी घरीच केले. छोटे चुंबक आणले, त्यांवर तांब्याची तार गुंडाळली. आवाज चांगला येई. पण तार बोटाने बाजूला ओढून मींड काढली, की ती एका चुंबकाच्या क्षेत्रातून शेजारच्या चुंबकाच्या क्षेत्रात जाई आणि नको तो खरखराट उमटे. तेव्हा बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. घरी न झालेल्या थोड्या वस्तूंपैकी ही एक. पण तेही त्याने जसेच्या तसे लावले नाहीत. वेटोळ्याचे वेढे सैल असतील तर मोठ्या आवाजाने ते स्वतःच थरथरतात आणि गिटार किंचाळते. त्याने ते अॅरल्डाइटमध्ये बुडवून घट्ट केले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक ध्वनिवर्धकासमोर आला की कसा किंचाळतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. ध्वनिवर्धकाचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. हाच फेरा गिटारीतही होतो. ब्रायनला त्यातला वेड्यावाकड्या किंचाळीचा भाग नको होता, पण तारेला ध्वनिवर्धकाने जागे ठेवून सूर लांबवणारा भाग हवा होता. म्हणून त्याने गिटारीच्या अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या. लाकूड आवाजाला प्रतिसाद देईल आणि वेटोळी मात्र गप्प राहतील, अशी ही विभागणी होती.

शेवटची गंमत बटणांची. तीन पिकअपना प्रत्येकी दोन छोटी बटणे आहेत. एक चालू-बंद करायचे, दुसरे त्या पिकअपच्या तरंगाची कला उलटी करायचे. दोन पिकअप एकाच तारेला दोन ठिकाणी 'पाहतात'. दोघांचे तरंग जुळले तर बेरीज होते. एक उलटा केला तर दोघांत सारखा असलेला भाग, म्हणजे मुख्यतः मूळ स्वर, बराचसा खोडला जातो आणि वरचे उपस्वर उरतात. आवाज बारीक, टोकदार होतो. तरंगांचे व्यतिकरण आपण फळ्यावर दोन नागमोडी रेषा काढून शिकवतो. इथे ते एका बोटाने ऐकता येते.

पाचगणीहून फेल्टमला

या गोष्टीत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. 1946 साली झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा आठ वर्षांचा असताना शिकायला भारतात आला, तो सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा समूह काढून वाजवू लागला. 1964 साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. त्यांनी बिऱ्हाड केले ते नेमके फेल्टममध्ये. त्याच उपनगरात त्याच सुमारास शेकोटीच्या लाकडाची गिटार आकार घेत होती. दोघे मुलगे एकमेकांना ओळखत नव्हते.

1970 साली ते एकत्र आले. फारोख बलसाराने फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतले आणि ड्रमवादक रॉजर टेलर याच्यासह 'क्वीन' सुरू झाले. पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यांना मिळाला. तो लंडनच्या चेल्सी कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. एकदा त्याला रस्त्याकडेच्या भंगाराच्या डब्यात एक टाकून दिलेली विद्युत्मंडलाची पट्टी सापडली. त्याने ती पुस्तकाच्या कपाटात ठेवायच्या छोट्या ध्वनिवर्धकाच्या खोक्यात बसवली आणि 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक अॅम्प्लिफायर केला. रेड स्पेशलचा आवाज त्यातून काढला की तो कधी व्हायोलिनसारखा, कधी तुतारीसारखा वाटे. 1975 साली निघालेल्या 'गुड कंपनी' या गाण्यात जो जाझ वाद्यवृंद ऐकू येतो, तो सारा एका गिटारीवर थर चढवत वाजवलेला आहे. ऐकणारे फसत, म्हणून सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर यात सिंथेसायझर नाही अशी नोंद छापावी लागे.

वाजवताना ब्रायन मे प्लॅस्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे वापरतात. नाण्याच्या कडेचे दाते तारेवर घासले की अक्षरातल्या व्यंजनासारखा एक ठसका सुराच्या आधी येतो. ते नाणे 1980 साली ब्रिटनच्या चलनातून गेले. या गिटारीवर मात्र चालत राहिले.

वडिलांना काय वाटले

ब्रायन मे यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून 1968 साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि सूर्यमालेतल्या धुळीवर पीएच.डी.चे काम सुरू केले. काळोख्या रात्री, संध्याप्रकाश मावळल्यावर किंवा पहाटेपूर्वी, क्षितिजाजवळ जो फिकट शंक्वाकार उजेड दिसतो, तो या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. धूळ आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे, हे प्रकाशाच्या तरंगलांबीतल्या सूक्ष्म फरकावरून ओळखायचे होते. त्यासाठी त्यांनी टेनेरिफ बेटावरच्या वेधशाळेत फाब्री-पेरो व्यतिकरणमापक वापरला. दोन तरंगांची बेरीज-वजाबाकी हे या उपकरणाचे तत्त्व. गिटारीच्या बटणांतही तेच तत्त्व आहे. 1972 साली 'नेचर'मध्ये या कामावरचा एक निबंध प्रसिद्धही झाला. या काळात पोटापाण्यासाठी ते लंडनमधल्या एका शाळेत गणित शिकवत होते.

1974 च्या सुमारास प्रबंध जवळजवळ पुरा होत आला असताना त्यांनी तो बाजूला ठेवला आणि ते पूर्णवेळ गिटारीकडे वळले. हॅरल्ड मे यांना हे पटले नाही. मुलाला शिकवण्यासाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या होत्या आणि आता मुलगा डॉक्टरेट सोडून रॉक संगीतात चालला होता. काही काळ दोघांत बोलणेही तुटले. ज्यांनी त्या मुलाच्या हाती करवत दिली, सोबत बसून तारा गुंडाळल्या, त्यांनाच या कष्टांचे असे फळ मान्य होईना. आपल्या घरांतही हे घडते. मुलाला हौसेने चित्रकलेचे रंग आणून देणारा बाप, मुलगा 'मी चित्रकारच होणार' म्हणाला की गप्प होतो.

1977 साली क्वीनचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. ब्रायन मे यांनी आईवडिलांना कॉन्कॉर्ड विमानाने तिथे बोलावून घेतले. त्या विमानाच्या उतरण्याच्या यंत्रणेच्या कामात हॅरल्ड यांचा हातभार लागलेला होता. पण त्यात बसण्याचा योग त्यांना तोवर आला नव्हता. मुलाची गिटार ऐकायला जमलेले हजारो लोक त्यांनी पाहिले आणि कार्यक्रमानंतर मुलाला सांगितले, की आता मला समजले. हॅरल्ड मे 1988 साली वारले.

अर्धा राहिलेला प्रबंध मे यांनी 2006 साली पुन्हा उघडला. मधल्या काळात त्या विषयावर फार काम झालेले नव्हते, त्यामुळे जुनी निरीक्षणे अजून कामाची होती. 2007 साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याआधी 2002 साली ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्यांनी राष्ट्रगीत वाजवले, तेही याच गिटारीवर.

रेड स्पेशलच्या हुबेहूब प्रतिकृती 1980 च्या दशकापासून कारखान्यांत तयार होत आल्या आहेत आणि हौशी लोक त्या घेतात. पण आमच्या वाचकांनी प्रतिकृती घेण्यापेक्षा निराळे काही करून पाहावे. एक दंडचुंबक, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली बारीक एनॅमलची तार, फळीवर दोन खिळ्यांमध्ये ताणलेली पोलादी तार आणि शाळेचा अॅम्प्लिफायर एवढे सामान पुरते. चुंबकावर हजारभर वेढे मोजून गुंडाळावेत, वेटोळ्याची टोके अॅम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडावीत आणि तार छेडावी. मग त्याच फळीवर पितळी तार ताणून पाहावी. वेढे दुप्पट केले तर काय होते, चुंबक घोडीजवळ आणि तारेच्या मध्यावर ठेवला तर आवाजात काय फरक पडतो, हे मुलांनीच वहीत लिहावे. खरखर आली, किंचाळी आली, तर 'बिघडले' म्हणून लगेच बंद करू नये. ती कुठून येते, हे आधी शोधू द्यावे.